चमच्याचे तीन ठोके

वाळू आपल्यावर डूख धरून आहे, अशी तिची पक्की खात्री झाली होती.

महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत दोन वर्षं खपून तिने संगणकावर मॉडेल बांधलं होतं. भूकंपात ओली वाळू किती हिसके सोसते आणि कितव्या हिसक्याला पाण्यासारखी पातळ होते, ते त्यातून कळायचं. मॉडेल म्हणायचं, तीस. रबरी पिशवीत ओल्या वाळूचा नमुना भरून यंत्राने दाबत-सोडत राहिलं, की तोही तिसाव्याच्या आसपास निमूट लोळण घ्यायचा. पण नमुने भरणारे तंत्रज्ञकाका रजेवर गेले, तिने स्वतः भरायला घेतलं आणि नमुन्याने बाराव्यालाच मान टाकली. पुन्हा भरला, पुन्हा बारा. वाळू तीच, वजन तेच.

"हाताचा गुण असतो, बाई," परत आलेले काका मिशीतल्या मिशीत हसले.

सोमवारी बंदराची समिती प्रयोग पाहायला येणार होती. नव्या धक्क्याचा पाया तिच्या आकड्यावर ठरायचा होता. शुक्रवारी तिची आत्या प्रयोगशाळेत येऊन बसली, कारण घराची किल्ली विसरली होती. आत्याने चाळीस वर्षं किराणा दुकान चालवलेलं. तिने स्वेटर विणत दोघांचं काम पाहिलं आणि सुई न थांबवता म्हणाली, "हा ठोकतो. तू ठोकत नाहीस."

"कोण? मी?" काका उसळले. "सत्तावीस वर्षांत कधी नाही!"

एवढं बोलून त्यांनी चमच्याला चिकटलेली वाळू झटकायला तो साच्याच्या काठावर आपटला. टक, टक, टक.

तिने चमच्याकडे बोट दाखवलं.

"साखरेचा डबा ठोकला की साखर दाटून खाली बसते," आत्या म्हणाली. "गिऱ्हाईक बघत असलं की आम्ही ठोकायचो."

तिने काकांचा हात धरून, ठोकू न देता एक नमुना भरून घेतला. बारा! मॉडेल तिने काकांच्याच नमुन्यांवर जुळवलं होतं. म्हणजे दोन वर्षं ती वाळूचा नाही, काकांच्या सवयीचा अभ्यास करत होती.

विभागप्रमुख सर म्हणाले, "मग सोमवारीही ठोकू दे की त्यांना!"

"आणि समुद्राच्या तळाशी कोण ठोकणार, सर? काकांना पाठवायचं?"

सोमवारी तिने समितीपुढे सगळं सांगून टाकलं, चमच्यासकट. बोलताना कान तापले होते. बंदराच्या मुख्य अभियंता बाईंनी कागदावरचा तीसचा आकडा पेनाने खोडला. मग म्हणाल्या, "तीस हिसके धरून पाया घातला असता, तर धक्का बोटींच्या आधी बुडाला असता. तळाची वाळू न विस्कटता काढून आणा, मग आकडा सांगा. सहा महिने देते. तोवर खड्डासुद्धा खणणार नाही."

काकांनी दोन दिवस आत्याशी अबोला धरला. तिसऱ्या दिवशी स्वतःच खुर्ची पुसून तिच्यापुढे ठेवली. त्यांची ठोकायची सवय मात्र काही केल्या सुटत नव्हती. तेव्हापासून आत्या रोज सकाळी तिथे बसून विणते आणि चमचा वर गेला रे गेला, की डोकंही न उचलता ओरडते, "हात!"