वाकड्या भिंतीचं कपाट

बायको गेल्यावर सुताराने पहिल्यांदा करवत हातात घेतली, त्याच दिवशी त्याला कळलं की तिची सगळी ड्रॉइंगं गेली.

काम शाळेच्या वाचनालयाचं होतं. तिथली भिंत वाकडी, मध्येच पोट सुटल्यासारखी. बायको आजारपणातही तिथे जाऊन बसली, वीत वीत अंतरावर मापं घेतली आणि त्या भिंतीला नेमकं बसेल असं कपाट कॉम्प्युटरवर काढून ठेवलं. "हे तुम्हीच करायचं, कारागिरांवर टाकायचं नाही," असं बजावून गेली. लाकूड आणून पडलं होतं. त्याचाच हात धजत नव्हता. आज धजला. त्याने नवा कॉम्प्युटर लावला, तिचं फोल्डर शोधलं, उघडलं. आत काही नव्हतं.

हा नवा कॉम्प्युटर मेहुण्याने आणलेला. बहिणीचं दहावं-बारावं उरकत नाही तोच, "दाजी, ते जुनं डबडं किती दिवस कुरवाळत बसणार?" म्हणत त्याने सगळं इकडचं तिकडे केलं होतं. फोन करताच तो धावत आला.

"घाबरू नका, दाजी. सगळं क्लाउडवर आहे."

तो खुर्चीत बसला. बोटं भराभर चालली, मग हळू, मग थांबली.

"तोंड का पडलं?" सुतार म्हणाला.

"एक मिनिट."

"तुझं एक मिनिट मघाशीच संपलं. बोल."

"फाइली फार होत्या हो. क्लाउडवरून उतरायला लागल्या आणि या मशीनची जागा भरली. मला वाटलं, क्लाउडवर तर आहेतच, इथल्या काढून टाकू. पण इथलं काढलं की तिथलंही जातं. दोन्हीकडे एकच असतं ते."

"हे तुला आज कळलं?"

"माहीत होतं. त्या वेळी डोक्यात नाही आलं."

"आणि जुनं डबडं?"

"पुसून देऊन टाकलं."

"अरे, त्या क्लाउडला कचरापेटी असते ना?"

"महिनाभर असते, दाजी. महिना उलटून गेला."

सुताराने हातातली करवत टेबलावर आदळली. "नव्या खुर्चीत बसून बघितल्याशिवाय जुनी मोडू नये, हे शेंबड्या पोरालाही कळतं! आणि म्हणे मी कॉम्प्युटरवाला!"

"छापलेले कागद असतील की," मेहुणा पुटपुटला.

हे ऐकून तर सुताराच्या अंगाची लाही लाही झाली. त्यांच्या कारखान्यात कागद उरत नसे. काम झालं की छापलेलं ड्रॉइंग भुशाच्या शेगडीत जायचं, कारण एकदा एका कारागिराने जुन्या कागदावरून मापं घेऊन चांगल्या फळ्यांची वाट लावली होती. नियम बायकोचाच. आणि हे कपाट तर छापायच्याही आधीचं.

त्याने क्लाउडवाल्या कंपनीला फोन लावला. बराच वेळ वाजंत्री ऐकवून झाल्यावर एक मुलगी गोड आवाजात म्हणाली, "फाइली तुमच्याच खात्यातून काढल्या गेल्या आहेत, सर. तुमचा त्रास मी समजू शकते."

"नाही समजू शकत!" तो ओरडला आणि फोन गादीवर भिरकावला.

मेहुण्याचे डोळे भरले. "माझी सख्खी बहीण होती ती. मला काय हौस होती का?"

"हौसच होती! मी म्हणत होतो, राहू दे. ती शेवटपर्यंत त्याच डबड्यावर काम करत होती, तिचं काही अडलं नाही. तुझेच हात शिवशिवत होते. आता रडून मला दाखवू नकोस. टेप घे आणि चल."

शाळेत दोघांनी भिंत पुन्हा मापली. मेहुणा टेपचं टोक धरून वाकला होता.

"सरळ धर. सरळ म्हणजे काय ते तरी माहीत आहे ना?"

मेहुण्याने टेप सरळ धरला.

मुख्याध्यापिका दारात येऊन उभ्या राहिल्या. "सुरू करताय का? बरं झालं. वहिनी म्हणाल्या होत्या, खालच्या कप्प्यांना लहान मुलांसाठी काहीतरी वेगळं करणार आहेत."

सुतार वळला. "वेगळं म्हणजे काय?"

"ते नाही सांगितलं. विचारलं तर म्हणाल्या, झालं की बघा. तुम्हाला माहीत असेलच की."

सुताराला माहीत नव्हतं. त्याने मेहुण्याकडे असं पाहिलं की त्याच्या हातातून टेप सुटला आणि सरकन आत गेला. बाई गेल्यावर सुतार दात ओठ खात म्हणाला, "उचल सामान. माझ्याशी बोलू नकोस."

भिंतीची मापं आता कागदावर आहेत. उभ्या फळ्या कापून झाल्या, वरचे कप्पेही बसले. खालचे कप्पे अजून केलेले नाहीत.