मागोडला दोनदा

बत्तीस वर्षं मी धारवाडच्या एका मराठी शाळेत भूगोल शिकवला आणि त्यातली बरीच वर्षं एक थाप पचवली. मी मागोडचा धबधबा पाहिलाय, ही ती थाप.

आमची शाल्मला नदी धारवाडातच, सोमेश्वराच्या देवळापाशी उगम पावते. नदी कसली, तिथं ओंजळभर झरा आहे. माझ्या घरापासून चालत पंधरा मिनिटं. पुढं कलघटगीकडून जाता जाता ती बेडती होते, येल्लापूरच्या जंगलात मागोडला दरीत उडी घेते आणि गंगावळी नावानं समुद्राला मिळते. हा धडा मी जीव ओतून शिकवायचे. फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात देऊळ, तिथून खडूची लांब आडवी रेघ आणि मग सर्रकन खाली एकच सरळ रेघ. हा मागोड. त्या सर्रकन आवाजाला पोरं डोळे मोठे करायची आणि मला फार बरं वाटायचं.

एका वर्षी सातवीतल्या एका पोरानं मध्येच हात वर करून काहीतरी शंका काढली. काय ते मी धड ऐकलंही नाही, पुस्तकात तसं नाही म्हणून उडवून लावलं, कारण दारात मुख्याध्यापक उभे होते. वर त्यानं विचारलं, "बाई, तुम्ही पाहिलाय का मागोड?"

"पाहिलाय की. दोनदा," मी म्हणाले, आणि आगाऊपणा केला म्हणून त्याला बाकावर उभं केलं. हे दोनदा कुठून तोंडात आलं देव जाणे. एकदा म्हटलं असतं तरी भागलं असतं.

मग काय, दर वर्षी त्या थापेला नवे हातपाय फुटत गेले. तुषार अंगावर येतात, माझी साडी भिजली होती, वगैरे. आणि मागोड आहे किती लांब? सकाळी निघून संध्याकाळी घरी. सासूबाईंचं आजारपण, निवडणुकीची ड्यूटी, जनगणना, असं करत जायचं राहूनच गेलं. खरं सांगायचं तर पुढं पुढं लाजच वाटायला लागली. आपणच दोनदा पाहिलेला धबधबा पहिल्यांदा बघायला कुठल्या तोंडानं जायचं?

साठीला माझ्या भाच्यानं, सुमंतनं, त्याचा जुना कॅमेरा मला दिला आणि मी पार बिघडले. पहाटे उठून उणकल तलाव, उन्हं उतरली की नृपतुंग बेट्टाची टेकडी. गुडघे दुखतात म्हणून जी बाई देवळाच्या पायऱ्या टाळायची, ती टेकड्या चढायला लागली. शेजारणी म्हणाल्या, हिला या वयात काय सुचलंय. म्हटलं, याच वयात सुचलं, आता काय करू?

तशात शाळेच्या सध्याच्या मुख्याध्यापिका मधुवंतीबाईंचा फोन आला. नवी भूगोलाची खोली होतेय, भिंतीवर शाल्मलेचे चार मोठे फोटो लावायचेत. उगम, कलघटगी, मागोड, समुद्र. "फोटो तुम्हीच काढायचे, भाग्यलक्ष्मीबाई. मागोड तर तुम्हाला पाठच आहे," त्या म्हणाल्या. मी हो म्हटलं आणि फोन ठेवून अर्धा तास नुसती बसून राहिले.

तीन फोटो झाले. मागोड तेवढा मी या ना त्या कारणानं पुढं ढकलत राहिले, आणि बघता बघता शेवटचा रविवार उरला. सोमवारी उद्घाटन. रविवारी संध्याकाळी फोटो छापायला गेला नाही, तर त्या जागी भिंतीचा चुना दिसणार आणि सगळे विचारणार, का नाही काढला?

या सगळ्या भटकंतीत माझ्याबरोबर नागसेन होता. माझ्या ट्रायपॉडचा एक पाय मोडला, तेव्हा कुणीतरी गोकुळ रोडवरच्या एका वर्कशॉपचं नाव सांगितलं. लेथवर वाकलेला चाळिशीकडे झुकलेला माणूस वर बघून म्हणाला, "बाई, ओळखलंत का? नागसेन. तुमचा विद्यार्थी." मी म्हटलं, हो हो, ओळखलं की. ओळखलं कसलं, डोंबल. हजारो पोरं हाताखालून गेली. पण त्यानं ट्रायपॉडला पितळेचा असा काही स्क्रू बसवून दिला की कंपनीनं बघून शिकावं. रविवारी तोही कॅमेरा घेऊन रानात जातो म्हणाला. मग आमची जोडी जमली.

तर त्या रविवारी पहाटे चारला तो गाडी घेऊन दारात. ऑक्टोबर होता, रान अजून ओलं होतं. त्याची एकच अट. गाडी अलीकडे लावायची आणि शेवटचे चार किलोमीटर चालायचं. "धबधब्याला गाडीतून उतरून भेटायचं नसतं, बाई." मी दुर्गदबैलच्या बाजारात घेतलेले कॅनव्हासचे बूट घालून तयारच होते. आनंद नुसता मावत नव्हता. भीती पण होती, ती वेगळी.

येल्लापूर मागं टाकलं. एका फाट्याला त्यानं गाडी थांबवली. पाटी होती, पण वेलीनं पार गिळलेली.

"डावीकडे की उजवीकडे, बाई? तुम्ही दोनदा आलाय ना."

मी याला दोनदा कधी सांगितलं, ते आठवेना. पण वर्गातला आवाज लावून म्हणाले, "डावीकडे." डावीकडचा रस्ता गेला तो थेट सुपारीच्या एका बागेत. अंगणात एक अक्का सुपारी पसरत होत्या. मागोड म्हटल्यावर त्या तोंडाला पदर लावून हसल्या आणि आल्या वाटेनं मागं जायला सांगितलं. वर बळंच कोकम सरबत पाजलं. अर्धा तास गेला. नागसेन एवढंच म्हणाला, "रस्ते बदलतात, बाई." चिडला असता तर परवडलं असतं.

पण चालायला लागले आणि मी सगळं विसरले. काय ते रान. झाडांच्या शेंड्यांवर ऊन आणि खाली अजून पहाटच. पायाशी जळवा होत्या, त्यांच्यासाठी मी मिठाची पुरचुंडी आणली होती, ती उघडायचंही भान राहिलं नाही. डोक्यावरून दोन धनेश गेले. त्यांच्या पंखांचा आवाज एवढा मोठा की मी खालीच वाकले. दर दहा पावलांना थांबून मी फोटो काढत होते. कोळ्याचं जाळं काढलं, शेवाळलेला दगड काढला, नागसेनचे चिखलाचे बूटसुद्धा काढले. तो म्हणाला, बाई, बॅटरी जपून. मी म्हटलं, दोन जादा आणल्यात, तू चाल.

आणि मग आवाज आला. पाणी दिसायच्या कितीतरी आधी नुसता आवाज, जमिनीतून आल्यासारखा. माझी पावलं आपोआप भराभर पडायला लागली. "निधान, बाई, निधान," नागसेन कानडीत मागून सांगत होता, सावकाश म्हणून. एकसष्ट वर्षांची बाई खांद्यावर ट्रायपॉड घेऊन जवळजवळ पळत होती. त्याला तो धरायला दिलाच नाही मी.

कठड्यापाशी पोचलो, तर समोर काहीच नाही. पांढरं धुकं. दरी काठोकाठ भरलेली. धबधबा तिथंच कुठंतरी गर्जत होता आणि मला माझा हातसुद्धा पुसट दिसत होता. चौकीतला राखणदार कृष्णा घोंगडी पांघरून आला. "अक्कोर," तो म्हणाला. आमच्याकडे शिक्षिकेला कानडीत असंच म्हणतात, आणि मी शिक्षिका हे त्याला कसं कळलं कुणास ठाऊक. धुकं उठलं तर नऊपर्यंत उठेल, नाही तर आज दिवसभर असंच, असं तो सांगून गेला.

ट्रायपॉड लावला, कॅमेरा बसवला, आणि आम्ही उभे राहिलो. आठ वाजले, साडेआठ झाले. माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं.

मग वारा सुटला. आधी वरचा कडा दिसला आणि त्यावरून कोसळणारं पाणी. पांढरंशुभ्र, खाली खडकावर आपटून फुटत होतं. मी मनात म्हटलं, हाच माझा मागोड. फळ्यावरच्यापेक्षा थोडा लहान आहे, पण असू दे. तेवढ्यात खालचं धुकंही सरकलं आणि त्या खडकापासून पाण्यानं दुसरी उडी घेतली. पहिलीपेक्षा किती मोठी म्हणून सांगू. खाली, खाली, अजून खाली, नजर पोचेना. हे ते पाणी. माझ्या घराजवळचं, देवळापाशी ओंजळीत मावणारं. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या आणि मी वेड्यासारखी हसत होते.

"बाई, शटर," नागसेन म्हणाला.

मी बटणाकडे हात नेईपर्यंत दरी पुन्हा बंद झाली होती. एकही फोटो नाही. त्याचा कॅमेराही पिशवीतच होता. बाईंचा फोटो आहे, मध्ये मध्ये नको, म्हणून त्यानं तो काढलाच नव्हता.

मी कठड्याखालच्या दगडावर बसले. आता लपवण्यात काही अर्थच उरला नव्हता. म्हटलं, "नागसेन, मी इथं आयुष्यात कधी आलेली नाही."

"माहीत आहे," तो थर्मासमधला चहा ओतत म्हणाला.

"कधीपासून?"

"सातवीपासून."

मग त्यानं सांगितलं. त्याचे वडील गुंडू या भागात रस्त्याच्या कामावर मजूर होते. दिवाळीच्या सुट्टीत तो त्यांच्याबरोबर इथल्या झोपडीत राहायचा आणि रोज सकाळी मागोड बघायचा. "त्या दिवशी मी हात वर करून म्हटलं होतं, बाई, एक रेघ नाही, दोन रेघा आहेत. तुम्ही म्हणालात, पुस्तकात तसं नाही. मग मी विचारलं, तुम्ही पाहिलाय का. दोनदा म्हणालात. तेव्हाच कळलं. एकदा जरी बघितला असता तरी एक रेघ काढली नसती."

"आणि मी तुला बाकावर उभं केलं."

"हां. तास संपला, तुम्ही खडू-डस्टर घेऊन गेलात. बैस म्हणायचं विसरलात. पुढच्या तासाचे सर येईपर्यंत उभाच होतो." त्यानं चहाचा कप माझ्या हातात दिला. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, असं मला त्या दिवशी दुसऱ्यांदा वाटलं.

खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला माझी शरम वाटली. थापेची तर वाटलीच, पण त्याहून मोठी दुसरीच. मजुराचं पोर, हा कशाला मागोड बघतोय, हे तेव्हा माझ्या मनात आलं असणार. आलं नसतं तर मी त्याचं बोलणं नीट ऐकलं असतं. हे मी त्याला तसंच सांगितलं. चुकलं माझं, म्हटलं.

त्यानं थर्मासचं झाकण घट्ट लावलं. मी विचारलं, "सगळं माहीत असून मला का घेऊन आलास?"

"बघायचं होतं, खरा मागोड दिसल्यावर तुम्ही काय करता."

"आणि काय केलं मी?"

"शटर विसरलात," तो म्हणाला, आणि आम्ही दोघं असे काही हसलो की कृष्णा चौकीतून डोकावला.

नऊला दहा मिनिटं असताना नागसेननं माझ्या हातातला कप काढून घेतला. "उठा, बाई. वारा फिरला."

या वेळी बोट बटणावरच होतं. धुकं अर्ध्यातून फाटलं, वरच्या टप्प्यावर कोवळं ऊन पडलं होतं आणि खालचा टप्पा अजून सावलीत होता. दोन्ही टप्पे स्वच्छ, वेगवेगळे. मी श्वास धरून सतरा फोटो काढले. अठराव्याला दरी मिटली. पडद्यावर फोटो बघून कृष्णा म्हणाला, "छंद बंदैती, अक्कोर." छान आलाय. मी अजून दरीकडेच बघत होते, कॅमेरा नागसेननंच पिशवीत भरला.

सोमवारी भूगोलाच्या खोलीत चार फोटो लागले. मागोडचा सगळ्यांत मोठा. मधुवंतीबाईंनी मला दोन शब्द बोलायला उभं केलं. मी बोलायच्या आधी खडू उचलला. देऊळ काढलं, आडवी रेघ ओढली, मग सर्रकन खाली एक रेघ, मध्ये खडकाएवढं थांबून दुसरी. आणि पोरांना सगळं सांगितलं. थाप सांगितली, बाक सांगितला, ज्यानं खरं सांगितलं त्याचं नावही सांगितलं. मधुवंतीबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मला मात्र इतकं हलकं वाटत होतं की अजून एखादी नदी शिकवली असती.

पहिल्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "बाई, आता तरी तुम्ही खरंच पाहिलाय ना?"

"पाहिलाय," मी म्हणाले. "दोनदा."

मागून हसू ऐकू आलं. नागसेन शेवटच्या भिंतीला टेकून उभा होता. कामावरून तसाच आला होता, बाह्यांना ऑइल. शेजारचा बाक रिकामा होता, पण पाहुण्यांच्या खुर्चीवर नाही आणि बाकावरही नाही, असा तो मघापासून उभाच होता.

"नागसेन," मी वर्गातल्या आवाजात म्हणाले, "बैस आता."

पोरं वळून बघायला लागली. बाक सातवीच्या पोरांचा, त्याचे गुडघे मावेनात. तरी तो बसला.