तीनशे बाराव्या पानातले पत्र

मित्रांनो, एका पत्राला अकरा महिने उत्तर गेले नाही. ते अकराही महिने ते पत्र माझ्यापाशी होते, तीनशे बारा आणि तीनशे तेरा या दोन पानांच्या मध्ये. ज्याने उत्तर द्यायचे तो घाबरला होता, आणि त्याला घाबरवले होते मी. ही गोष्ट सांगावी की नाही, याचा मी फार दिवस विचार केला. अजूनही माझी खात्री नाही. पण सुरुवात केलीच आहे, तर सांगतो.

मी एक जुना वैद्यकाचा ग्रंथ आहे. घरोघरी असावा, अडीअडचणीला उघडता यावा, म्हणून एका सज्जन डॉक्टरांनी मला लिहिले. शिशाचा एकेक खिळा हाताने जुळवून माझी पाने छापली गेली. सहाशे चाळीस पाने, निळे कापडी कव्हर, आणि शेवटी चौदा चुकांचे शुद्धिपत्र. या चौदांपलीकडे माझ्यात चूक नाही, अशी माझी समजूत होती. तरुणपणी अशा समजुती असतात.

वाचनालयात आलो तेव्हा माझा फार मान होता. मीठ-साखरेच्या पाण्याचे प्रमाण आया माझ्यातून उतरवून घेत. भाजले, कापले, मूल रात्रभर खोकले, की लोक मला शोधत येत. पुढे रंगीत चित्रांची नवी पुस्तके आली आणि मी वरच्या फळीवर गेलो. तिथे माझा कणा तुटला, दोन फर्मे, म्हणजे पानांचे शिवलेले गठ्ठे, सुटले. शेवटी ग्रंथपालबाईंनी मला तळघरातल्या बांधणीच्या खोलीत पाठवले.

तिथे तो होता. वाचनालयाचा बांधणीवाला. वय पंचवीस, पण दिसायला पंधराचा. गाल गुळगुळीत, आवाज बारीक, हातपाय लांब आणि काडीसारखे. फोन त्याने उचलला की पलीकडचा माणूस म्हणे, "ताई, जरा ग्रंथपालबाईंना द्या." शिपाईकाका त्याला 'बाळराजे' म्हणत. "बाळराजे, दूध पिऊन आलात का?" तो हसे. इतरांच्या आधी हसे, म्हणजे इतरांना थोडे कमी हसता येईल. मुलांनो, अशा हसण्याकडे नीट पाहत जा.

बांधणी करणारा माणूस पाने वाचत नाही, मोजतो. त्यानेही माझी पाने मोजायला घेतली. तीनशे दहा, तीनशे अकरा, तीनशे बारा. आणि त्याचे बोट थांबले.

त्या पानावर मी असे म्हणतो: "ज्या मुलाचा आवाज सतरा-अठरा वर्षांपर्यंत फुटत नाही, मिसरूड येत नाही, शरीराची वाढ पुरुषासारखी होत नाही, त्याचा हा दोष जन्माचा समजावा. यास उपाय नाही. अशाने विवाह करू नये."

त्याने ते तीन वेळा वाचले. त्याच्या अंगठ्याचा घाम माझ्या कागदाला लागला. तो डाग अजून आहे.

त्याच आठवड्यात ते पत्र आले. बांधणीच्या शाळेत त्याच्याबरोबर शिकलेली एक मुलगी होती. ती आता दुसऱ्या गावी, एका छापखान्यात काम करत होती. पत्र चारच ओळींचे होते. "घरी माझ्या लग्नाचं बोलणं सुरू आहे. मी तुझं नाव सांगायचं म्हणतेय. तू हो म्हण, नाहीतर नाही म्हण. पण गप्प बसू नकोस, तुला ती सवय आहे."

त्याने पत्र घडी करून माझ्या त्याच पानात ठेवले, आणि गप्प बसला.

मला शिवायचे तो टाळू लागला. बाई विचारत, तेव्हा कधी दोरा संपलेला असे, कधी पुठ्ठा ओला असे. कुणी उघडून पाहील या भीतीने तो मला रोज पिशवीत घालून घरी नेई आणि सकाळी परत आणी. घर म्हणजे त्याच्या थोरल्या ताईचे. आईवडील गेल्यापासून तो तिच्याकडेच राहत होता. ताईने एकदा विषय काढला, तर तो भिंतीकडे तोंड करून झोपला. ती स्वतःचीच समजूत घालत म्हणाली, "आपल्या मामाचंही असंच होतं रे. उशिरा होतं काहींचं." पिशवीतून मला त्याचा श्वास ऐकू येत होता. तो झोपलेला नव्हता.

मला बोलता आले असते तर मी काय सांगितले असते, कोण जाणे. तेव्हा माझाही त्या पानावर विश्वास होता.

नववा महिना संपताना एक घोटाळा झाला. त्याने बावीस पुस्तके बांधून वर पाठवली, आणि दुसऱ्या दिवशी ग्रंथपालबाई नाकाला पदर लावून तळघरात उतरल्या. मागे शिपाईकाका.

"अहो, हा काय प्रकार आहे? खळ आंबलीय तुमची!"

"आंबलीय?" त्याने पुस्तके चिकटवायच्या खळीचे भांडे पाहिले. "दिसायला तर बरी आहे, बाई."

"दिसायला? अहो, वर लोक खिडकीबाहेर डोकी काढून पेपर वाचतायत!"

"बाळराजे," शिपाईकाका म्हणाले, "पुस्तकात उंदीर शिवलात की काय?"

त्याने भांडे उचलून नाकाशी नेले. इतके जवळ, की नाकाच्या शेंड्याला खळ लागली. काका हसले. बाई हसल्या नाहीत.

"सर्दी झालीय का तुम्हाला?"

"नाही." त्याने भांडे खाली ठेवले. "मला वास येत नाही, बाई. कधीच आला नाही."

"कधीच म्हणजे?"

"लहानपणापासून. मला वाटायचं, छान वास येतोय वगैरे लोक म्हणतात, ती नुसती बोलायची पद्धत असते. मग मीही म्हणायला लागलो."

बाई हळूच म्हणाल्या, "उद्या सुट्टी घ्या आणि नाकाच्या डॉक्टरांना दाखवा. विचारत नाहीये, सांगतेय."

नाक दाखवायला कुणाला लाज वाटते? तो गेला. मी पिशवीत होतोच. डॉक्टर म्हातारे होते. त्यांनी बॅटरीने नाकात पाहिले, मग बॅटरी विझवून त्याच्या चेहऱ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिले.

"वय?"

"पंचवीस."

"दाढी किती दिवसांनी करता?"

त्याचा हात हनुवटीवर गेला. डॉक्टरांनी पुन्हा विचारले नाही. "नाक स्वच्छ आहे. पण वास न येणं आणि वाढ अडणं, या दोन्हींचं मूळ कधीकधी एकच असतं. हार्मोनच्या डॉक्टरांना चिठ्ठी देतो. बाई फार हुशार आहेत."

"बाई?"

"बाई. का, चिठ्ठी फाडू?"

ती चिठ्ठीही त्याने माझ्यात ठेवली. त्या दवाखान्याच्या फाटकापर्यंत तो दोनदा गेला आणि दोनदा परत फिरला. तिसऱ्या वेळी ताई बरोबर होती. तिने पिशवी धुवायला काढली होती आणि तिला चिठ्ठी सापडली होती. ती रागावली नाही. तिने चपला घातल्या आणि म्हणाली, "चल."

डॉक्टरबाईंनी खूप प्रश्न विचारले. पडद्यामागे नेऊन तपासले. बाहेर आला तेव्हा तो पांढराफटक पडला होता. मग एकदम त्याने मला पिशवीतून काढले आणि तीनशे बारावे पान त्यांच्यासमोर धरले. त्यात ठेवलेले पत्र खाली पडले. डॉक्टरबाईंनी ते न वाचता उचलले आणि त्याच्या हातात दिले. मग मला वाचले.

मित्रांनो, लहानपणी गुरुजींनी तुमची वही सगळ्यांसमोर उघडली असेल, तर माझी अवस्था तुम्हाला कळेल.

"हे कधीचं पुस्तक आहे?" त्यांनी पहिले पान उलटले आणि साल पाहिले. "लक्षणं अगदी बरोबर लिहिलीत. बाकीचं त्या काळी माहीत नव्हतं. घरात आणखी कुणाला असं होतं?"

"मामा," ताई म्हणाली. "त्याचीही वाढ उशिरा... म्हणजे झालीच नाही नीट. लग्नही नाही केलं त्याने."

"वास यायचा त्यांना?"

ताई सांगू लागली, "एकदा दूध करपून पातेलं काळं ठिक्कर पडलं, आणि मामा तिथेच शेजारी पेपर वाचत बसलेला. आम्ही इतके हसलो होतो..." आणि तिथे तिचे वाक्य तुटले. तिने पदराचे टोक तोंडाशी धरले. मामा जाऊन सात वर्षे झाली होती. त्याला कुणी काही विचारले नव्हते.

रक्त सकाळी उपाशीपोटी, नऊच्या आत द्यायचे होते, आणि तेही दोन वेगवेगळ्या दिवशी. टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषाची वाढ घडवणारे हार्मोन, सकाळी सर्वांत जास्त असते, आणि एकाच आकड्यावर शिक्का मारायचा नसतो, असे डॉक्टरबाई म्हणाल्या. पहिल्या दिवशी भरलेल्या खोलीत रक्त घेणारा मुलगा दारातून ओरडला, "टेस्टोस्टेरॉन कोणाचं आहे?"

तो खुर्चीला चिकटून बसला.

"अहो, टेस्टोस्टेरॉन कोणाचं?"

शेजारच्या आजीबाईंनी त्याला कोपराने ढोसले. "तुझंच असेल रे. माझं तर साखरेचं आहे. जा की, माझी चहाची वेळ टळतेय."

दोन्ही आकडे फार खाली आले. मग डॉक्टरबाईंनी डोक्याचा एमआरआय करायला सांगितला. मेंदूखालच्या छोट्या ग्रंथीत गाठ नाही ना, एवढे पाहायचे होते. 'गाठ' हा शब्द तो घरी घेऊन आला. आठ दिवस तो शब्द जेवताना ताटात होता, उशीखाली होता. त्या आठ दिवसांत तो मला पुन्हापुन्हा उघडी आणि गाठींची पाने वाची. मी किती भयंकर गोष्टी किती शांतपणे लिहिल्या आहेत, हे मला तेव्हा कळले. मिटून घेता आले असते तर मी स्वतःला मिटून घेतले असते.

गाठ नव्हती. वासाच्या नसांची दोन टोके मुळात तयारच झाली नव्हती. "जन्मापासूनचं आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "असं समजा, कारखाना आहे, कामगार आहेत, पण वरच्या ऑफिसातून कामाचा हुकूमच येत नाही. तो हुकूम आपण बाहेरून देऊ. इंजेक्शनं घ्यावी लागतील, बहुधा कायमची. आवाज फुटेल, दाढी येईल. तपासणीत हाडं ठिसूळ होऊ लागलेली दिसतायत, ती सावरतील. वास मात्र येणार नाही."

"आणि..." तो ताईकडे पाहायला लागला. ताई आपण होऊन बाहेर गेली. "आणि लग्न?"

"लग्न करायला काय झालं? मूल हवं असेल तेव्हा इंजेक्शनं बदलायची, दुसऱ्या प्रकारची घ्यायची. वर्ष लागेल, दोन लागतील. बऱ्याच जणांना यश येतं, सगळ्यांना नाही. मी खात्री देणार नाही. पण या पानावर लिहिलंय तसं नाही."

"मला भीती वाटते."

"वाटणारच. दहा वर्षं आधी आला असतात तर कमी वाटली असती. आणि एक ऐका. भिंतीवरच्या जाहिरातीतली चूर्णं घेऊ नका, व्यायामशाळेतल्या पोरांकडून इंजेक्शन घेऊ नका. प्रश्न असेल तर मला विचारा."

पहिले इंजेक्शन झाले. त्यानंतर तीन आठवड्यांनी एका दुपारी त्याने मला शिवले. काही बदललेले नव्हते. आवाज तोच, गाल तेच. शिपाईकाका दारातून म्हणाले, "काय बाळराजे?" त्याने सुई थांबवली आणि म्हणाला, "काका, तसं म्हणू नका." काका गोंधळले. "बरं बरं," म्हणाले आणि निघून गेले.

ग्रंथपालबाईंच्या परवानगीने त्याने तीनशे बाराव्या पानाला लागून एक कोरे पान शिवले आणि त्यावर सुवाच्य अक्षरात लिहिले, "समोरच्या पानावरील 'उपाय नाही' हे विधान जुने आहे. आता तपासणी आणि उपचार आहेत. डॉक्टरांना भेटावे. उशीर करू नये." माझे शुद्धिपत्र आता पंधरा चुकांचे झाले आहे. मित्रांनो, माझ्यासारखे जुने पुस्तक हाती आले तर आधी त्याचे साल पाहा. आणि शरीराची कुठली भीती मनात असेल, तर ती घेऊन आमच्यापाशी एकटे बसू नका. आम्हाला प्रश्न विचारता येत नाहीत. घरातल्या कुणाला सांगा, डॉक्टरांना सांगा. आणि तुमच्यातल्या कुणाचा आवाज उशिरा फुटत असेल, तर कृपा करून त्याला हसू नका.

मग तो उत्तर लिहायला बसला. पाच कागद फाडले, सहावा ठेवला. शाई वाळेपर्यंत तो कागद माझ्यावर पडून होता, म्हणून मला वाचता आला.

"तू हो किंवा नाही लिहायला सांगितलं होतंस. आधी एक गोष्ट तुला माहीत हवी, मग हो-नाही तू लिही." पुढे त्याने काहीही न लपवता सगळे लिहिले होते: आजाराचे नाव, इंजेक्शने, मुलांविषयी डॉक्टरबाई जे बोलल्या ते, मामा. शेवटी होते, "तुझं लग्न झालं असेल तर हे पत्र फाडून टाक. पण मी गप्प बसलो त्यात तुझं काही चुकलं नव्हतं, एवढं वाच आणि मग फाड."

संध्याकाळी त्याने मला वरच्या मजल्यावर जमा करायला नेण्याआधी पिशवीत घातले, आणि माझ्यासकट रस्ता ओलांडून कोपऱ्यावरच्या टपालपेटीपाशी आला. पाकीट अर्धे फटीत सरकवले आणि तसाच उभा राहिला. पिशवी त्याच्या बरगडीला टेकली होती.

मागून एक बाई म्हणाली, "अहो भाऊ, टाकताय की काढताय?"

"टाकतोय," तो म्हणाला, आणि बोटे सोडली.