मागं कोण पडतंय?

अठ्ठ्याण्णव साली चेतना पुण्याहून मॅनेजमेंट शिकून घरी आली, ती 'माणूस कामावर असा का वागतो' हेच डोक्यात घेऊन. म्हणे, परदेशात एका कारखान्यात दिवे वाढवले तर काम वाढलं, अन् कमी केले तरीही वाढलं. कुणीतरी आपल्याकडं बघतंय, एवढ्यानंच. घ्या! हे कळायला कारखाना कशाला? सासू ओट्यापाशी येऊन उभी राहिली की कुठल्याही सुनेला कळतं.

तिचे वडील दलीचंदशेठ. त्यांची वारूळवाडीला द्राक्षं भरायची शेड. बायका कात्रीनं घडातले खराब मणी काढायच्या अन् पेट्या भरायच्या. मालाची गाडी रोज उशिरा सुटायला लागली, तसे शेठ लेकीला म्हणाले, "तुझी विद्या लाव कामाला. कोणती बाई मागं पडते ते संध्याकाळपर्यंत सांग. उद्यापासून तिला सुट्टी."

चेतना स्टूल टाकून बसली. बघते तो काय, सगळ्यांच्या पेट्या बरोबरीनंच भरतायत! दुपारी कुठं तिच्या ध्यानात आलं. म्हाताऱ्या प्रयागबाईंची बोटं संधिवातानं आखडलेली. पण शेजारची झुंबरबाई बोलता बोलता आपले साफ केलेले घड त्यांच्या पेटीत सारत होती, अन् त्या मागं दिसू नयेत म्हणून बाकीच्या हात आवरता घेत होत्या. खुरपणीची सवय ती! एकीची पात, म्हणजे तिच्या वाट्याची ओळ, मागं राहिली की शेजारणींनी ओढून घ्यायची, तिला एकटीला रानात मागं टाकायचं नाही.

पुस्तकात याला 'गटाचा दबाव' म्हणत. दबाव कसला डोंबलाचा! माया होती ती. चेतनानं नाव सांगावं तर म्हातारीच्या तोंडचा घास जातो, न सांगावं तर बापाशी खोटेपणा.

ती उठली अन् कात्री घेऊन प्रयागबाईंशेजारीच बसली. शहाणीनं पहिल्याच घडाचे चांगले मणी खाली पाडले. बायका तोंडाला पदर लावून हसल्या.

"अवो ताई, देठाला धरा, लई दाबू नका!"

हळूहळू तिच्याही पेटीत इकडून तिकडून घड पडू लागले. तरी पेटी अर्धीच.

संध्याकाळी शेठ आले. "सांग, मागं कोण पडतंय?"

"मी," चेतना म्हणाली. "खरंच पप्पा, सगळ्यांत मागं मीच."

शेठच्या कपाळाला आठ्या पडल्या. तेवढ्यात प्रयागबाई गुडघ्यावर हात देऊन उठल्या.

"शेठ, रागावू नका. पोरगी नवी हाय, शिकंल. आमी घेऊ सांभाळून. तिला काढू नका."

शेठनी म्हातारीची बोटं पाहिली, मग लेकीची पेटी पाहिली.

"नाही काढत," ते म्हणाले. "उद्या दोघीही जरा लवकर या."