सॉनाखालचा वाक

काउकोने गाडी अंगणात वळवली आणि इंजिन बंद न करताच तो खिडक्यांकडे पाहत राहिला. थंडीसाठी आतून बसवलेल्या जादा तावदानांच्या कडांवर पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या, अगदी ताज्या. दोन काचांच्या मधे वाळलेलं शेवाळ अंथरलं होतं आणि त्यावर लाल रानफळांचा एकेक घोस. माणूस राहणार असेल त्याच घराच्या खिडक्यांना अशा पट्ट्या लागतात. बंद ठेवायच्या घरासाठी एवढा खटाटोप कोणी करत नाही.

फोनवर आल्माचा मुलगा योर्मा म्हणाला होता, "आईला सगळं ठाऊक आहे. पाणी काढून घर बंद करायचंय, एवढंच. मी चारला पोचतो. त्याआधी उरकून टाक."

काउको चाळीस वर्षं या भागातले विहिरींचे पंप आणि घरांतले नळ सांभाळत आला होता. पूर्वी ऑक्टोबरात लोक त्याला बोलवत, ते हिवाळाभर पाणी चालू राहावं म्हणून. आता बोलवत ते पाणी काढून टाकायला. घरात चूल पेटती नसेल आणि पाइपात पाणी राहिलं, तर उणे तीसच्या थंडीत पाइप फुटतो. म्हणून सगळं पाणी सोडायचं, पाइपांतून हवा मारायची आणि मोऱ्यांत न गोठणारं निळं औषध ओतायचं. वसंतात पाणी पुन्हा चालू करायला यायचं असतं. त्यासाठी मात्र त्याला हल्ली क्वचितच फोन यायचा.

आल्मा दारातच उभी होती. वय ब्याऐंशी, बोटांवर अजून खळ वाळलेली.

"ये. पंपाला काही झालेलं नाही खरं तर. पण योर्मा म्हणाला, काउको बघून जाईल. बूट काढ आधी, कालच पुसलंय सगळं."

"आल्मामावशी, मी..."

"कॉफी निवतेय."

तो बसला. आल्मा उभ्याउभ्याच सांगत राहिली. बटाटे तळघरात गेले. मासे खारवून झाले. जळणासाठी बर्च मार्चमध्येच तोडून घेतला होता, उन्हाळाभर वाळला. "दोन ढलप्या एकमेकींवर आपटून बघ, खणखणीत वाजतात. आणि गेल्या वर्षी मी पडले ना, ती माझीच चूक. पायवाटेवरच्या बर्फावर राख टाकली नव्हती. यंदा राखेची बादली दाराशीच ठेवलीय. योर्माला म्हटलं, आता बोल!"

"काय म्हणाला?"

"म्हणाला, छान."

काउकोने कॉफीचा घोट घेतला. आल्मा पाव आणायला खिडकीजवळच्या कपाटाकडे गेली आणि तिथेच थांबली. काउकोच्या गाडीचं मागचं दार उघडंच राहिलं होतं.

"काउको."

"हं."

"पंप बघायला निळ्या औषधाचा डबा कशाला लागतो रे?"

काउकोने कप खाली ठेवला.

"मला वाटलं, तुम्हाला माहितीय," तो म्हणाला. "योर्मा म्हणाला तसं."

"सांगितलं असेल त्यानं. मलाच ऐकू आलं नसेल." ती खुर्चीवर बसली. "कुठं नेतोय?"

"कायानी शहरात खोली घेतलीय म्हणे. लिफ्ट आहे. जेवण खालून येतं."

"चूल?"

"चूल नाही. भिंतीतून गरम पाणी फिरतं."

"वा! माझ्या घरातलं काढायचं आणि तिथलं फिरवायचं."

काउको उठला. "मी परत जातो, मावशी. सांगतो त्याला, झडप जाम झालीय, उघडत नाही."

आल्माने वर पाहिलं. क्षणभर तिचा चेहरा उजळला. तिची नजर एकेका खिडकीवरून फिरली, पट्ट्यांवरून, लाल घोसांवरून. मग ती मान हलवत म्हणाली, "पुढच्या आठवड्यात तो शहरातला कोणीतरी धरून आणील. त्याला सॉनाखालचा पाइपाचा वाक कुठं ठाऊक असणार? तिथं पाणी राहील आणि डिसेंबरात फुटेल. आमच्या ऊर्होनं ते पाइप स्वतः टाकलेत, महिनाभर पोटावर सरपटत. तुला तरी ठाऊक आहे का तो वाक?"

"नाही," काउको म्हणाला. ठाऊक नव्हता.

"बघ. चल, दाखवते."

सॉनाच्या, म्हणजे वाफेच्या अंघोळीच्या, खोलीतली जमिनीची एक फळी तिने स्वतः उचकटली. काउको खाली उतरला, ती वरून विजेरी धरून उभी राहिली. "डावीकडं. अजून खाली. माझ्या नवऱ्याच्या हाताला बसेल असाच नट लावलाय, जोर लाव." नट सुटला. बादलीत आधी स्वच्छ पाणी पडलं, मग तांबूस, मग थेंब.

"झालं, मावशी."

"नाही झालं. थांब."

विजेरी न हलवता ती ऐकत राहिली. बऱ्याच वेळाने पाइपातून खाकरल्यासारखा आवाज आला आणि आणखी तांब्याभर पाणी बादलीत पडलं.

"आता झालं," ती म्हणाली.

तो मोऱ्यांत औषध ओतत होता तेव्हा योर्माचा फोन आला. "उरकलं का? काही तमाशा केला का तिनं?"

"नाही. सॉनाखालचा वाक दाखवला."

"कसला वाक?"

"तुझ्या बापानं टाकलेला," म्हणत काउकोने फोन बंद केला.

निघताना आल्मा म्हणाली, "लाकडं घेऊन जा."

"तुमची आहेत ती."

"मग काय लिफ्टमधून नेऊ? ने. पण नुसता ढीग मारू नकोस. नीट रच, साल वर करून."

साडेतीनलाच उजेड उतरला. काउको शेडमधून लाकडं भरत होता. शेवटच्या ढलप्या उचलण्याआधी निरोप घ्यायला तो आत आला. आल्मा चुलीपुढे गुडघ्यावर बसली होती. राख काढून तिने चूल रिकामी केली होती आणि आत नवं सरपण मांडत होती. खाली बर्चची साल, वर बारीक काटक्या, त्यावर तीन कोरड्या ढलप्या. शेजारी काड्यापेटी ठेवली, अर्धी उघडी, एक काडी बाहेर ओढलेली. जंगलातल्या खोपीतून निघताना सगळे असंच ठेवून जातात. पुढच्याची बोटं गोठलेली असतील तर त्याला पेटी उघडत बसावं लागू नये.

अंगणात योर्माची गाडी वळल्याचा आवाज आला. आल्माने वळून पाहिलं नाही. वाकून तिने ती काडी आणखी थोडी बाहेर ओढली आणि मग कोटाची बटणं लावायला घेतली.