घडी न घालता चार दिवस

"हात पुढे करा," असं काउंटरवरच्या मुलीने म्हणताच कडक काकूंनी दोन्ही हात पुढे केले. मुलगी हसली. त्यातल्या उजव्या मनगटावर तिने नारिंगी प्लास्टिकची पट्टी गुंडाळून चिकटवली.

"ही काढायची नाही, काकू. अंघोळ करतानासुद्धा नाही. ही दाखवली की खाणं, पिणं, खुर्ची, छत्री, सगळं मिळतं."

"आणि परत केव्हा मागता?"

"मागत नाही. सगळं यातच आलं."

काकूंनी पट्टी फिरवून फिरवून पाहिली. मग पाठीमागे बॅगा घेऊन उभ्या असलेल्या काकांना म्हणाल्या, "अहो, आपण कपड्यांना चिठ्ठ्या लावतो ना, तशी आज आपल्यालाच लावली."

चिठ्ठ्या लावण्यात काकूंचा जन्म गेला होता. एकतीस वर्षं त्यांचं इस्त्रीचं दुकान होतं. काका गाठोडी आणायचे, पोहोचवायचे आणि काकू इस्त्री करायच्या. शर्टाची कॉलर अशी करायच्या की घालणाऱ्याला मान वाकडी करायची सोय उरत नसे. जीभही कॉलरीसारखीच होती, म्हणून अख्खी गल्ली त्यांना कडक काकू म्हणायची. त्या ते कौतुकच समजायच्या.

पण गेल्या वर्षापासून काकूंचा उजवा खांदा वर जाईनासा झाला. डॉक्टर म्हणाले, इस्त्री सोडा. लेक म्हणाली, दुकान सोड. काकू म्हणाल्या, डॉक्टरांचे शर्ट मग कोण करणार? त्यावरून मायलेकींची रोज जुंपायची. शेवटी एक दिवस लेक म्हणाली, "आई, तुला दुकानाची गरजच नाही. तुला व्यसन लागलंय."

"व्यसन? मी मनात आणलं तर आज सोडीन."

"आज नको. चार दिवस सोडून दाखव."

झालं, पैज लागली. लेकीने समुद्राकाठचं स्वस्तातलं रिसॉर्ट शोधलं. चार दिवसांत काकूंनी एकाही कापडाला इस्त्री करायची नाही, घडी घालायची नाही. जमलं तर लेक दुकानाबद्दल पुन्हा ब्र काढणार नाही. नाही जमलं तर दुकानाला कायमचं कुलूप. म्हणजे दुकान वाचवायचं असेल तर दुकानाशिवाय राहून दाखवायचं, असा हा उफराटा मामला होता. पंच काका. त्यांना दोघींनी एका आवाजात मान्यता दिली, कारण खोटं बोलणं हे काकांच्या प्रकृतीतच नव्हतं. एकदा एका गिऱ्हाइकाच्या शर्टाला मागच्या बाजूला चटका बसला होता. गिऱ्हाइकाच्या लक्षातही आलं नव्हतं, तर हे गृहस्थ त्याच्या घरी जाऊन चटका दाखवून आले. त्या दिवशी काकूंनी त्यांना जेवायला वाढलं, पण बोलल्या नाहीत.

खोली तिसऱ्या मजल्यावर होती. एसी घरघरत होता, न्हाणीघराच्या दाराची कडी लागत नव्हती आणि समुद्र दिसायला गॅलरीच्या कोपऱ्यात जाऊन मान लांब करावी लागे. पण दिसला की मग डोळ्यांत मावत नसे. काकूंनी दहा मिनिटांत चार वेळा मान लांब केली. मग आत येऊन पलंग पाहिला आणि त्यांचा चेहरा बदलला. उशीच्या अभ्र्यावर इस्त्रीचीच चुणी पडली होती, आडवी, चांगली वीतभर.

"हे कुणी केलं असेल हो?"

"तुला काय करायचंय?" काका म्हणाले.

काकू दोन्ही हात मांड्यांखाली घेऊन पलंगावर बसल्या. लेकीने बॅग भरतानाच सगळ्या कपड्यांच्या गुंडाळ्या करून ठेवल्या होत्या, मोह नको म्हणून. पोरगी आईचीच होती.

पहिला दिवस खाण्यातच गेला. जेवणाच्या हॉलमध्ये सरबताची आठ यंत्रं होती, आठ रंगांची. काकूंनी आठही चाखली आणि काकांना अहवाल दिला की त्यातली सहा एकाच चवीची आहेत. तरी दुपारी पुन्हा खात्री करून घेतली. कुणी उष्टी ताटली उचलायला आलं की त्या अर्धवट उभ्या राहायच्या, "राहू द्या, मी ठेवते," म्हणायच्या आणि काकांनी पदर ओढला की खाली बसायच्या. संध्याकाळपर्यंत मात्र त्यांना ताटली मागे सोडून चालू लागायची सवय झाली. चांगल्या गोष्टींची सवय लागायला वेळ कुठे लागतो?

खरी कसोटी दुसऱ्या दिवशी आली. वाळूत अंथरायला लेकीने एक मोठी चादर दिली होती. उठायची वेळ झाली तसे काकांनी सहज वाकून तिचे दोन कोपरे धरले. काकूंनी समोरचे दोन धरले. दोघांनी एक झटका दिला, वाळू उडाली आणि दोघं एकमेकांच्या दिशेने चालत आली. एकतीस वर्षांत हजारो चादरींसाठी ती अशी चालत आली होती, त्यात डोक्याने करायचं काही उरलंच नव्हतं. कोपऱ्याला कोपरा लागला आणि काकूंचा अंगठा दुमडीवर आला तेव्हा दोघांच्या एकदमच लक्षात आलं.

दोघं नाकाला नाक लावून उभी राहिली. चादर मध्ये लोंबत होती.

"घातली का हो मी?" काकूंचा आवाज बसला होता.

काकांनी चादरीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. समोर बायको होती म्हणून निर्णय सोपा करणाऱ्यांतले ते नव्हते.

"कोपरे जुळले," ते म्हणाले. "पण हात फिरला नाही. घडी बसली नाही. अर्ध्या घडीला घडी म्हणत नाहीत."

काकूंनी इंगळी चावल्यासारखे कोपरे सोडून दिले. चादर वाऱ्यावर गेली ती थेट एका झोपलेल्या गृहस्थांच्या पोटावर. काकू हसायला लागल्या. हसता हसता वाळूत बसल्या, मग काकाही बसले, आणि चादर परत आणायला कुणी उठेना. आपण शेवटचं असं कधी हसलो होतो ते काकूंना आठवेना.

तिसऱ्या दिवशी सकाळी उथळ पाण्यात गळ्यात शिट्टी घातलेल्या एक बाई पाहुण्यांना तरंगायला शिकवत होत्या. पट्टी असेल तर तेही फुकट. काकू गुडघाभर पाण्यात उभ्या राहून अर्धा तास नुसत्या बघत होत्या. मग शिट्टीवाल्या बाईंनी त्यांचा हात धरला.

"पाठीवर पडा. मी आहे."

"मी बुडेन."

"अंग सोडा म्हणजे बुडणार नाही. तुम्ही मूठ का आवळलीय?"

काकूंनी पाहिलं तर खरंच उजवी मूठ आवळलेली होती, इस्त्रीची मूठ धरावी तशी. त्यांनी एकेक बोट सोडवलं आणि डोळे मिटून पाठ टेकली. पाण्याने त्यांना धरलं. कानांत पाणी गेलं, जगातले सगळे आवाज बंद झाले, आणि दोन्ही हात आपोआप पसरत वर गेले. उजवासुद्धा. डोक्याच्या वरपर्यंत गेला आणि दुखला नाही.

"अहो, बघा," त्या आकाशाकडे बघत म्हणाल्या. "हात वर गेला."

काका काठावर चपला सांभाळत उभे होते. त्यांनी दोन्ही चपला उंच धरून हलवल्या.

काकू दुपारी पुन्हा पाण्यात गेल्या. चारला पुन्हा. आनंद नुसता अंगात मावत नव्हता. भेटेल त्याला सांगत होत्या, मला तरंगता येतं. संध्याकाळी हातात शहाळं घेऊन खुर्चीवर पडल्यावर मात्र त्यांना एकाएकी धस्स झालं. सकाळपासून दुकान एकदाही आठवलं नव्हतं.

"तुम्हाला आठवतंय का हो दुकान?"

काकांनी विचार केला. "काल जरा आठवलं होतं. आज नाही."

काकू शहाळ्यातली नळी फिरवत राहिल्या.

"मग जिंकलीसच की तू," काका खुशीत म्हणाले. "उद्या बाराला बस. बसमध्ये पाय ठेवला की पैज संपली."

तेवढ्यात लेकीचाच फोन आला. काकांनी तिला खरं तेच सांगितलं, अजून एकही घडी नाही. मग काकूंनी फोन घेतला.

"आई, मानलं तुला," लेक म्हणाली. तिचा आवाज पडलेला होता. "मला वाटलं नव्हतं गं. पण मी शब्दाची पक्की आहे. परवा खुशाल उघड दुकान."

"उघडणारच," काकू म्हणाल्या.

फोन ठेवल्यावर त्या बराच वेळ खांदा चोळत बसल्या. 'तुझं खरं आहे' हे शब्द त्यांनी लेकीला उभ्या जन्मात म्हटले नव्हते. आता या वयात तोंड तसं वळवायचं म्हणजे खांद्यापेक्षा अवघड होतं. आणि परवा शटर वर ओढायचं, इस्त्री कोळशाची जाऊन विजेची झाली तरी चटका तोच, आणि समोर डॉक्टरांचे सहा शर्ट. त्यांनी काकांकडे पाहिलं. काका विजयाच्या आनंदात दुसरं शहाळं आणायला गेले होते.

चौथ्या दिवशी साडेअकराला ती दोघं बॅगा घेऊन खाली येऊन बसली. बस बाहेर लागलेली होती, पण चालक चहा पीत होता. दाराशेजारच्या बाकावर सफाईच्या कामावरच्या एक बाई यंत्रातून नुकतेच निघालेले पांढरे टॉवेल घेऊन बसल्या होत्या. ढीग कमरेएवढा होता आणि बाई घाईत होत्या. कडेला कड लागत नव्हती.

"तू तिकडे बघू नकोस," काका हळूच म्हणाले. "फक्त वीस मिनिटं राहिलीत."

"हो," म्हणून काकू उठल्या.

गुडघ्यावर हात ठेवून सावकाश उठल्या, साडी सारखी केली आणि चालत बाकापर्यंत गेल्या.

"द्या एक इकडे," त्या बाईंना म्हणाल्या.

टॉवेल गरम होता. काकूंनी तो एकदा झटकला, कोपऱ्याला कोपरा लावला, लांबीत दुमडला, मग तीन भाग केले, कड आत घेतली आणि वरून हात फिरवला. हात पूर्ण फिरला. बाकावर ठेवलेला टॉवेल ढिगातल्या बाकीच्या सगळ्यांना लाज आणेल असा होता.

त्यांनी मान वळवून पाहिलं. स्वतःच्या पायांनी जाऊन चटका दाखवून आलेला माणूस त्या घडीला पाठमोरा उभा होता आणि आग लागल्यास काय करावे, ही भिंतीवरची पाटी मन लावून वाचत होता. त्याचे कान लाल झाले होते.

"अहो."

"मी काही बघितलं नाही," काका पाटीला म्हणाले.

एकतीस वर्षांत हा माणूस त्यांच्यासाठी पहिल्यांदा खोटं बोलत होता, आणि तेही नेमकं आज.

"म्हणूनच हाक मारतेय," त्या म्हणाल्या. "इकडे बघा."

काका वळले. काकूंनी दुसरा टॉवेल उचलला. त्याची घडी त्यांनी फार सावकाश घातली, एकेक दुमड लांबून दिसेल अशी. शेवटचा हात फिरवताना त्या टॉवेलकडे पाहत नव्हत्या, काकांकडे पाहत होत्या.

"अगं, जिंकली होतीस तू."

"हो ना. अगदी हातातोंडाशी आलं होतं," काकू म्हणाल्या आणि त्यांनी तिसरा उचलला. "लावा फोन."

काकांनी खिशातून फोन काढला. दोनदा नंबर चुकला. लेकीने उचलल्यावर ते म्हणाले, "आई हरली." मग पलीकडचं बराच वेळ ऐकत राहिले आणि फोनवर तळहात ठेवून काकूंना म्हणाले, "तिचा विश्वास बसत नाहीये. विचारतेय, तुम्ही स्वतः बघितलंत का."

"मग सांगा ना," काकू म्हणाल्या. "पंच आहात तुम्ही."

काकांनी तळहात काढला.

"बघितलं," ते म्हणाले. "अगदी नीट बघितलं."