बंद चौकोन

लॅपटॉपच्या पडद्यावर करड्या चौकोनाच्या वरच्या कडेतून एक तार आत शिरत होती, खालच्या कडेतून एक बाहेर पडत होती... आकिबने त्यावर दोनदा क्लिक केलं. पडद्यावरचे बाकीचे चौकोन असे उघडतात, पोटातल्या तारा दाखवतात, हा उघडेना. हा त्याने स्वतः कोड लिहून, कंपाइल करून, म्हणजे यंत्रालाच कळेल अशा रूपात बंद करून, चौकोन-तारांच्या त्या जुळणीत बसवला होता, आणि मूळ कोड जुन्या लॅपटॉपबरोबर गेला — म्हणजे स्वतःचंच लिहिलेलं आता त्यालाच वाचता येत नव्हतं. शहाणा!

चौकोनाचं काम एकच, आवाजातली खरखर गाळायची. खरखर कशाला म्हणायचं, ते ठरवलं होतं आकिबने.

काल रोह्याच्या याच खोलीत त्याने अम्माच्या कानांवर हेडफोन चढवला होता. अब्बांची कुवेतहून आलेली शेवटची कॅसेट. अम्माने शेवटपर्यंत ऐकलं, मग म्हणाली, "ह्ये तुझे अब्बा नाय."

"तेच हायत गो अम्मा. आवाज साफ केलाय."

"माझं नाव घ्यायच्या आधी खोकायचे ते. मागं कूलर घरघरायचा, बाजूच्या खाटेवरचा तो केरळवाला हसायचा... कुठं गेले सगळे?"

कुठे जाणार! कॅसेट वाजवतानाच त्याने आवाज चौकोनातून गाळून भरून घेतला, मूळ आवाज वेगळा ठेवायचं सुचलंच नाही. आणि वाजता वाजता जुन्या फितीवरची काळी पूड झडून गेली, ती आता पुन्हा वाजणार नव्हती. तेव्हा एकच कॅसेट ये-जा करायची — अब्बा बोलून पाठवायचे, अम्मा त्यांच्याच आवाजावर आपलं उत्तर भरून कुणा जाणाऱ्याच्या हाती परत धाडायची. हे शेवटचं बोलणं तेवढं उरलं, कारण ते पोचलं तेव्हा उत्तर ऐकायला अब्बा नव्हते. अम्मा रागावली नाही, हे त्याला फार लागलं.

सकाळपासून तो एकच प्रसंग आठवून बघतोय. कोलाडच्या नाक्यावर एसटीत चढताना अब्बा वळून म्हणाले होते, "अम्माला सतावू नको हां." मी सात वर्षांचा. इंजिन धडधडत होतं, कंडक्टर ओरडत होता, अब्बांना ठसका लागला होता... लागला होता ना? मी डोळे मिटतो. शब्द येतात, एकेक, लख्ख. भोवती काहीच नाही. कंडक्टरचं तोंड नुसतं हलतं. पण ही आठवण तर चौकोनातून कधी गेलीच नव्हती, मी फक्त तो साफ आवाज पुन्हा पुन्हा ऐकला होता...

"परत लाव बघू," अम्मा दारात उभी होती. "आज नीट ऐकते. वळखीन."

तिने हात पुढे केला. तिच्या मनातले अब्बा अजून खोकल्यासकट शाबूत होते. आकिबने हेडफोन छातीशी धरला, आणि त्याला आपल्या आईची नव्हे, त्या स्वच्छ आवाजाची भीती वाटली.